पावणेतीन वर्षांची मुलगी, रविवारची सकाळ आणि एकटे बाबा

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही ३१ वर्षांचे आहात, मिहानमध्ये नोकरी करता आणि मनीषनगरला राहता. मुलगी पावणेतीन वर्षांची आहे आणि पत्नीला पाचवा महिना लागला आहे. तिला विश्रांती मिळावी म्हणून दर रविवारी मुलीला एकट्यानेच बाहेर न्यायचे तुम्ही ठरवलेत. दोन रविवार मॉलमध्ये नेलेत, दोन्ही वेळा पाऊण तासात तिने आईचा धोशा लावला आणि तुम्हाला परतावे लागले. आता मे महिन्यात तिला पेंचच्या जंगलात वाघ दाखवायला न्यावे असे तुमच्या मनात आहे, तुमच्या आईंचा त्याला ठाम विरोध आहे आणि पत्नी काहीच बोलत नाही. तेव्हा सफारी या वयाला झेपेल का, आणि नागपुरात मुलीला न्यावे तरी कुठे, असे तुम्ही विचारता.

मी नागपुरात २७ वर्षे बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो आहे. ठिकाणे मी पुढे सांगतोच, पण तुमची अडचण ठिकाणाची आहे असे मला वाटत नाही. माझ्याकडे ताप किंवा जुलाब झालेले मूल घेऊन आई-वडील येतात तेव्हा मी काही ठरलेले प्रश्न विचारतो: शेवटची शू कधी झाली, सकाळपासून पोटात काय गेले, रात्री किती वेळा जाग आली. वडील पुढे बसलेले असतात, फाइल त्यांच्या हातात असते आणि तरीही प्रत्येक प्रश्नाला ते मान वळवून पत्नीकडे पाहतात. यात प्रेमाची कमतरता नसते, कारण हेच वडील पहाटे तीन वाजता मुलाला छातीशी धरून धावत आलेले असतात. मात्र मुलाची रोजची लय त्यांच्यापर्यंत नेहमी आईच्या मार्फत पोहोचलेली असते. मॉलमध्ये तुमच्या मुलीला आई हवी होती, याचा अर्थ तिला तुम्ही नको होता असा मुळीच नाही. भूक, झोप, शू आणि भीती या चार गोष्टी न सांगता ओळखणारे माणूस तिथे तिला दिसेना, इतकाच त्याचा अर्थ आहे. ते ओळखणे शिकता येते आणि पावणेतीन हे त्यासाठी फार चांगले वय आहे.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. मुलीला पूर्वी तापात झटका आला असेल किंवा दम्याचा त्रास असेल, तर आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलून घ्या. ती शू सांगते की अजून लंगोट किंवा डायपर लागतो, यावर बाहेर राहण्याचा वेळ ठरेल. स्वभावाचाही प्रश्न असतो. काही मुले नव्या जागी लगेच मोकळी होतात, तर काही पहिला अर्धा तास बाबांच्या मांडीवरून उतरत नाहीत आणि दोन्ही प्रकार निरोगीच असतात. पत्नीला डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली असेल, तर तुम्ही फोन केल्यावर दहा मिनिटांत पोहोचेल असे एखादे माणूस जवळपास असू द्या.

आता उन्हाविषयी, कारण नागपुरात लहान मुलाचा दिवस उन्हाभोवतीच आखावा लागतो. विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस सुरू होतात, त्या याच कारणाने. लहान मुलाच्या शरीराचा पृष्ठभाग त्याच्या वजनाच्या मानाने मोठा असतो आणि घामाच्या ग्रंथी मोठ्या माणसाइतके काम करीत नाहीत. बाहेरची हवा त्वचेपेक्षा गरम झाली की शरीरातली उष्णता बाहेर पडण्याऐवजी बाहेरची आत येऊ लागते, आणि हे मुलामध्ये आपल्यापेक्षा लवकर घडते. त्यात त्याला तहान नीट सांगता येत नाही.

हे सगळे मला पुस्तकातून ठाऊक होते आणि तरीही मी चुकलो. माझा मुलगा तीन वर्षांचा असताना एप्रिलमधल्या एका रविवारी मी त्याला एकट्याने रामटेकला नेले. गडावर वानरे दाखवायची आणि मग खिंडसी तलावाच्या पाण्यावर न्यायचे, असा बेत होता. निघायचे होते सकाळी सहाला, परंतु रुग्णालयातली फेरी लांबली आणि निघेपर्यंत नऊ वाजले. बेत मोडू नये म्हणून मी तसाच निघालो. गडाच्या पायऱ्या चढताना तो पहिल्यांदा खूप बोलत होता, नंतर गप्प झाला, आणि मला वाटले की पोरगा शहाण्यासारखा चालतो आहे. साडेअकराच्या सुमारास पायऱ्यांजवळ फुले विकणाऱ्या एका बाईंनी मला थांबवले आणि म्हणाल्या, ‘‘भाऊ, लेकराचं तोंड पाहा जरा.’’ चेहरा लालभडक झाला होता, ओठ कोरडे पडले होते आणि नजर मंद होती. सकाळी घरून निघाल्यापासून त्याला शू झालेली नव्हती आणि ते माझ्या लक्षातही आले नव्हते. त्या बाईंनी आपल्या सावलीत जागा करून दिली. आम्ही त्याचे कपडे सैल केले, ओल्या फडक्याने अंग पुसले, वारा घातला आणि माठातले पाणी घोट-घोट पाजले. तासाभरात तो सावरला. त्या दिवसापासून गप्प झालेले मूल मला रडणाऱ्या मुलापेक्षा जास्त काळजीचे वाटते, आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक वडिलांना मी हे सांगतो.

म्हणून मेमधली पेंचची सफारी नको, आणि या बाबतीत तुमच्या आईंचे म्हणणे बरोबर आहे. उन्हाळ्यात वाघ पाणवठ्यावर येतात आणि त्यामुळे सहज दिसतात, हे तुम्ही ऐकलेले खरे आहे. परंतु सफारीची गाडी उघडी असते, तीत काही तास बसून राहावे लागते, वाटेल तिथे उतरता येत नाही आणि मुलाला गप्प ठेवावे लागते. पावणेतीन वर्षांच्या मुलीला बसणे, थांबणे आणि गप्प राहणे या तिन्ही गोष्टी कठीण आहेत, मग वर ४४-४५ अंशांचे ऊन नसले तरीही. शिवाय लांब उभा असलेला वाघ तिला गवतातून वेगळा काढता येईलच असे नाही. तुम्हाला दिसेल, तुम्ही बोट दाखवाल, तिला दिसणार नाही आणि दोघेही हिरमुसाल. ती चार-साडेचार वर्षांची झाली की दिवाळीनंतरच्या थंडीत जरूर न्या. तोपर्यंत प्राणी दाखवायचेच असतील तर येत्या हिवाळ्यात शहरालगतच्या गोरेवाड्यात बसमधून होणारी सफारी पुरेशी आहे, आणि त्याआधी महाराजबागेचे प्राणिसंग्रहालय आहेच.

ठिकाण निवडताना मी एकच कसोटी लावतो: तिथून पंधरा मिनिटांत घराकडे निघता येईल का, आणि तसे निघालो तर पैसे वाया गेल्याची हळहळ वाटेल का. महागडे तिकीट काढले असले की आपण रडणाऱ्या मुलालाही ‘‘अजून थोडे थांब’’ म्हणत राहतो. मॉलमध्ये तुमचे बहुधा हेच झाले असावे. त्यात तिथला आवाज, झगमगाट आणि जिकडेतिकडे दिसणाऱ्या पण हात लावायच्या नाहीत अशा वस्तू. इतक्या गोष्टी एका वेळी अंगावर आल्या की पाऊण तासात रडू येणे स्वाभाविकच आहे.

तुमच्या घराजवळून मेट्रोची नारिंगी मार्गिका जाते, तेव्हा पहिली सहल मी मेट्रोचीच सुचवीन. जयप्रकाशनगरला बसा आणि सीताबर्डीला उतरा. मध्ये छत्रपती चौक, अजनी चौक, रहाटे कॉलनी आणि काँग्रेसनगर अशी चारच स्थानके लागतात. सरकता जिना, आपोआप उघडणारे दार, खाली खेळण्यांसारख्या दिसणाऱ्या गाड्या आणि प्रत्येक स्थानकावर होणारी घोषणा, या वयाला एवढे पुष्कळ होते. सीताबर्डीला उतरून पुन्हा उलट्या गाडीने घरी आलात तरी ती सहल पूर्ण झाली असे समजा. पुढच्या खेपेला गड्डीगोदामपर्यंत जा. तिथे खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्याच्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यांत वर मेट्रो अशा चार वाटा एकावर एक गेलेल्या आहेत. सुरक्षित बाजूला सावलीत उभे राहून वरून आगगाडी जाण्याची वाट पाहा. आगगाडी कधी येईल ते सांगू नका, कारण वाट पाहण्यातच तिचा सगळा आनंद आहे. आगगाडीची गोडी लागली तर कडबी चौक स्थानकापासून मोतीबागेतले नॅरोगेज रेल्वेचे संग्रहालय जवळ आहे. जुनी वाफेची इंजिने तिथे अगदी समोरून पाहता येतात.

रमण विज्ञान केंद्र सुंदर आहे, पण तिथल्या तारांगणाची घाई करू नका. अंधार, मोठा आवाज आणि मध्येच बाहेर पडण्याची अडचण, या तिन्हींमुळे तीन वर्षांखालची मुले तिथे घाबरलेली मी पाहिली आहेत. फुटाळा तलावावर जायचे असेल तर सकाळी जा. संध्याकाळच्या गर्दीत आणि वाहनांत तिला हात सोडून चालता येणार नाही.

आणि एकदा जागा आवडली की तीच जागा पुन्हा पुन्हा घ्या. मोठ्या माणसाला याचा कंटाळा येतो, म्हणून दर रविवारी नवे काही शोधण्याची धडपड सुरू होते. मुलाला मात्र ओळखीच्या जागी जाण्यात धीर वाटतो. महाराजबागेत चौथ्यांदा जाताना तीच तुम्हाला सांगेल की आता हरणे येतील, मग माकडे येतील, आणि तिथे तिने तुम्हाला वाट दाखवली म्हणजे ती तुमच्यासोबत निर्धास्त झाली असे खुशाल माना.

वेळेचे गणित असे ठेवा. मार्चमध्ये सकाळी सात ते साडेनऊ, आणि एप्रिल-मेमध्ये सहा ते आठ. आठच्या पुढे घर, कूलर आणि दुपारची झोप. नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत सकाळचेही बाहेर पडणे सोडून दिलेत तरी चालेल. त्या दिवसांत मोरीतली बादली आणि दोन पेले हीच सहल पुरे, फक्त तिला पाण्यापाशी क्षणभरही एकटे सोडू नका. तिच्या वयाला झोप दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास लागते. झोपेची वेळ मोडून केलेली कोणतीही सहल रडण्यात संपते.

आता ज्यावर मी आग्रही आहे ती गोष्ट, दुचाकी. नागपुरात मुलाला स्कूटरवर पुढे उभे करण्याची पद्धत इतकी रुळली आहे की त्यात धोका आहे असे कोणाला वाटतच नाही. अचानक ब्रेक लागला तर मुलाचे तोंड आणि गळा हँडलवर आदळतात, आणि गारव्याने मुलाला झोप लागली तर एका हाताने त्याला आणि एका हाताने गाडी सांभाळणे अशक्य होते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. तिच्यानुसार चार वर्षांखालील मुलाला चालकाशी जोडणारा सुरक्षा पट्टा लावणे, ९ महिन्यांपुढील मुलाला मापाचे हेल्मेट घालणे आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवणे बंधनकारक आहे. पट्टा आणि हेल्मेट या दोन्ही गोष्टी बाजारात मिळतात. त्या घेतल्याशिवाय पहिली सहल नको, तोवर मेट्रो आणि रिक्षा आहेतच. चारचाकी असेल तर काम दोन मिनिटांचे असले तरी मुलीला बंद गाडीत ठेवू नका, कारण उन्हात उभ्या गाडीतले तापमान दहा मिनिटांत दहा अंशांनी वाढू शकते.

पिशवी तुम्ही स्वतः भरा, पत्नीने भरून दिलेली नको. पाणी, कपड्यांचा एक जोड, ओला रुमाल, सुती टोपी, घरचा खाऊ आणि उन्हाळ्यात ओआरएसचे पाकीट. हे पाकीट त्यावर लिहिले आहे तेवढ्याच पाण्यात कालवायचे. खाऊत अख्खे शेंगदाणे, फुटाणे आणि अख्खी द्राक्षे नकोत, संत्र्याच्या फोडींतल्या बिया काढून द्या. श्वासनलिकेत अडकलेले दाणे आम्हाला मुलांमध्ये वारंवार काढावे लागतात. पाणी तिने मागायची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी दोन-तीन घोट द्या आणि शेवटची शू केव्हा झाली हे ध्यानात ठेवा. मूल मलूल झाले, अंग तापले, उलटी झाली किंवा बोलण्याला प्रतिसाद कमी झाला, तर सावलीत आणून ओल्या फडक्याने अंग पुसत, वारा घालत थेट रुग्णालय गाठा. उन्हाने चढलेला ताप तापाच्या औषधाने उतरत नाही, त्यामुळे ते देऊन वाट पाहण्यात वेळ घालवू नका, आणि ग्लानीतल्या मुलाच्या तोंडात पाणी ओतू नका. ऊन लागू नये म्हणून आजी खिशात कांदा देतील तर तो जरूर घ्या, त्यांच्या मायेचा मान राहतो. फक्त पाणी आणि सावली यांत त्याच्या भरवशावर कसूर नको.

ती आईसाठी रडू लागली की काय करायचे, हे तुम्ही विचारले नाही, तरी मला यावर सगळ्यांत जास्त बोलायचे आहे. अशा वेळी बहुतेक वडील तीन गोष्टी करतात: लक्ष दुसरीकडे वळवण्यासाठी मोबाइल हातात देतात, ‘‘एवढी मोठी झाली आणि रडते?’’ असे म्हणतात, किंवा पत्नीला व्हिडिओ कॉल लावतात. मोबाइलने रडणे थांबते, पण बाबांच्या कुशीत शांत होता येते हे तिला कळायचे राहून जाते. आई पडद्यावर दिसली आणि हाती लागली नाही की रडणे बहुधा वाढते. तुम्ही खाली बसा, तिच्या डोळ्यांच्या पातळीला या आणि जे आहे ते शब्दांत सांगा: ‘‘तुला आईची आठवण आली. आई घरी झोपली आहे. आपण हरणे पाहू आणि मग आईकडे जाऊ.’’ मग तिला जवळ घ्या आणि थोडा वेळ काहीही बोलू नका. पाच मिनिटे लागतील, कधी दहा. लोक पाहतील, एखाद्या काकू जवळ येऊन बिस्किट देऊ करतील, तुम्हाला संकोच वाटेल. तो वाटू द्या. दहा मिनिटांनंतरही रडणे ओसरले नाही तर भूक, झोप, शू आणि ऊन यांपैकी काय असेल ते पाहा, आणि काहीच सापडले नाही तर निमूट घरी या. घरी आल्यावर ‘‘आज हिने फार त्रास दिला’’ हे वाक्य तिच्यासमोर नको. ‘‘आज आम्ही दोन हरणे पाहिली,’’ एवढे पत्नीला सांगा.

पत्नी गप्प का आहेत, हे मी इथून ठरवू शकत नाही आणि ते तुम्ही त्यांनाच विचारावे. माझ्याकडे येणाऱ्या पुष्कळ मातांचा अनुभव मात्र सांगतो. नवरा मुलाला घेऊन बाहेर जातो, पण टोपी कुठे आहे, खाऊ काय देऊ, ती रडते आहे आता काय करू, असे फोन येत राहतात, त्यामुळे त्या पलंगावर पडल्या तरी विसावत नाहीत. म्हणून निघताना परतायची वेळ सांगा, ती पाळा आणि तातडीचे काही नसेल तर फोन करू नका. आल्यावर मुलीला आंघोळ घालून, जेवू घालून झोपवेपर्यंतचे कामही तुमचेच समजा. सहल तिथे संपते.

आईंचा सफारीला असलेला विरोध रास्त आहे, हे त्यांना मोकळेपणाने सांगा. त्यांना तुमच्या बेतात एखादे काम द्या. सकाळी मुलीला उठवून दूध देणे किंवा आल्यावर पन्हे करून ठेवणे, असे काहीही चालेल. नात बाबांसोबत एकटी जाते याची त्यांना काळजी वाटते, कारण त्यांनी हे आपल्या घरात पूर्वी पाहिलेले नसावे. तीन-चार रविवारी नात हसत परत आली की ती काळजी आपोआप निवळते.

आणि हे सगळे आत्ताच, मार्चमध्ये सुरू करा. बाळ जुलैच्या आसपास येईल. बाबांसोबत बाहेर जाणे बाळ आल्यानंतर सुरू झाले तर, बाळ आले म्हणून मला घराबाहेर काढतात, अशी गाठ तिच्या मनात बसू शकते. चार महिने आधीपासून हा तिचा आणि तुमचा रिवाज झालेला असेल, तर बाळ आल्यावरही तो चालू राहतो आणि तिचे स्वतःचे असे काहीतरी शाबूत राहते. बाळंतपणाच्या आठवड्यात दूर जाता येणार नाही, तेव्हा घरासमोरच्या रस्त्यावर अर्धा तास फिरा, पण रविवार चुकवू नका.

पोळ्याच्या सुमाराला बाळ दीड-दोन महिन्यांचे असेल आणि घरात सगळ्यांचे लक्ष त्याच्याकडे असेल. पोळ्याच्या आधीच्या रविवारी मुलीला सकाळी लवकर महालात किंवा इतवारीत न्या आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होणाऱ्या मुलांच्या तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैल तिला स्वतःला निवडू द्या. बैल तिच्या गुडघ्याएवढा असावा, चाके घट्ट असावीत आणि लाकडाला कुसळ नसावी. त्या दिवशी निघणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीच्या गर्दीत तिला नेऊ नका. संध्याकाळी ऊन उतरल्यावर बैलाची दोरी तिच्या हातात द्या आणि शेजारच्या तीन-चार घरी बोजारा, म्हणजे बैलासाठीची ओवाळणी, मागायला तिच्या मागून चाला.